सहकारी तोंडी काम सांगतो आणि नंतर हात वर करतो, स्वतःला कसं वाचवू?

तुम्ही लिहिलंय की सोबतचा माणूस तोंडी काम सांगतो, गडबड झाली की "मी असं म्हटलंच नाही" म्हणतो आणि साहेबांपुढे दोष तुमच्यावर येतो. वाचून पोटात कालवलं, कारण मी यातून गेलेली आहे.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बिलिंगला आहे. एक दिवस संध्याकाळी रायपूरला माल चालला होता, मौद्याजवळ गाडी बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला. आता गाडी बदलली की ई-वे बिलाच्या, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, पार्ट बी मध्ये (गाडीची माहिती असते तो भाग) नवीन नंबर टाकावाच लागतो. डिस्पॅचचे सिनियर फोनवर म्हणाले, "मी टाकतो, तू निघ, मेट्रो सुटेल तुझी." मी निघाले. रात्री तपासणीत गाडी अडकली, बिलावर जुनाच नंबर. आणि सकाळी केबिनमध्ये ते माझ्यासमोर शांतपणे म्हणाले, "मी तर मॅडमला सांगितलं होतं." मी फोन काढून कॉल दाखवला, 2 मिनिटं 10 सेकंद. बस तेवढंच दिसते ना त्यात, काय बोलणं झालं ते थोडीच दिसते. त्या दिवशी लोकमान्य नगर स्टेशनच्या बाकावर मी रडत बसले होते, दोन मेट्रो सोडल्या.

तेव्हापासून एकच गोष्ट पकडली. तोंडी बोलणं झालं की पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीतर मेलवर साधा मेसेज, "सर, आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे नवीन गाडी नंबर तुम्ही टाकणार आहात, मी आजचं बिलिंग क्लोज करते." टोमणा नाही, राग नाही, फक्त कोण काय करणार ते. सुरुवातीला ते भडकले, "काहून बाप्पा, भरवसा नाही का माझ्यावर?" मी म्हटलं, सर, बिल माझ्या लॉगिनवरून जाते, मला लेखी लागते. यापेक्षा जास्त सफाई द्यायची नाही, वाद वाढतो.

दुसरं म्हणजे एक डायरी, घरी ठेवायची, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. त्यात "आज फार वाईट वागले" असं लिहून उपयोग नाही. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं आणि नेमके शब्द, ते पण त्याच दिवशी, आठ दिवसांनी आठवून नाही. पण रेट लिस्ट, पार्टीची बिलं असलं काही पुरावा म्हणून स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवू नका, त्यांची चूक बाजूला राहील आणि डेटा बाहेर नेला म्हणून तुम्हीच अडकाल.

डब्याच्या वेळी जपून. माझ्या मैत्रिणीनं जेवताना नुसतं "हो ना" म्हटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपर्यंत पोचलं की तीच शिव्या देऊन राहिली. घरचे हप्ते, नवऱ्याची नोकरी, दुसरीकडे दिलेला इंटरव्ह्यू यातलं काहीच तिथे काढू नका.

आणि प्रकार अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं असा असेल तर नुसत्या डायरीवर थांबू नका. बाईमाणसासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, 10 किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागतेच, लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत द्यायची. समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. "एचआर नाही आमच्याकडे" म्हणून लोक गप्प बसतात आणि मुदत निघून जाते.

झोप उडाली असेल तर 14416 वर फोन करा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. मी उशिरा केला, आधी करायला पाहिजे होता.

माझं पुढे काय झालं ते सांगते. दोनेक महिन्यांनी परत तसंच झालं, माल चुकीच्या पत्त्यावर गेला आणि परत तेच वाक्य आलं. मी काही न बोलता मेसेज उघडून फोन टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, आणि पुढचा प्रश्न त्यांनी मला नाही, सिनियरना विचारला. माणूस काही बदलला नाही, आजही तसाच आहे, पण गाडी बदलली की आता ग्रुपवर पहिला मेसेज त्यांचाच येतो.