फारसीच्या पहिल्या तासाला जाण्यापूर्वी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एम.ए.ला एक पर्यायी विषय निवडायचा आहे, फारसीच्या प्राथमिक वर्गात जागा आहे, अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे आणि घरात सगळे एकच विचारताहेत की इतिहासाच्या मुलीला फारसी कशाला. फारसी घे. मी हेच सांगणार हे तुला माहीत होतं. पण वर्गात बसण्याआधी चार गोष्टी कानावर घालतो, कारण त्या मला वेळेवर कुणी सांगितल्या नव्हत्या.

'कशाला' याचं उत्तर थोडक्यात. सतरावं शतक तुझा आवडता विषय. त्या शतकातल्या दख्खनवर मोगलांच्या बाजूने जे लिहिलं गेलं ते फारसीत आहे. बऱ्हाणपुरात जन्मलेला भीमसेन सक्सेना मोगलांच्या चाकरीत दख्खनभर फिरला आणि पाहिलेलं फारसीत लिहून गेला. खाफीखान, साकी मुस्तैदखान हे इतिहासकारही त्याच भाषेतले. सेतुमाधवराव पगडींसारख्यांनी यातलं कितीतरी मराठीत आणलं म्हणून आपण ते वाचू शकतो. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण अनुवाद वाचताना मूळ शब्द कोणता होता हे कळत नाही, आणि इतिहासात भांडण पुष्कळदा त्या एका शब्दावरच असतं. शिवाय फारसी ही काही फक्त जुन्या कागदांची भाषा नाही. इराणात, अफगाणिस्तानात, ताजिकिस्तानात लोक आजही तिच्यात भाजी घेतात आणि मुलांना झोपवतात. हे दुसरं कारण विसरू नकोस. माझं सगळं सांगणं शेवटी तिथेच येणार आहे.

तू मराठी आहेस, म्हणून पहिल्या आठवड्यातच तुला वाटेल की निम्मी भाषा आपल्याला येतेच. ते खोटं नाही. पुण्याजवळची आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही गावं तुला ठाऊक आहेत. फारसीत मोठा म्हणजे बुज़ुर्ग, लहान म्हणजे ख़ुर्द. पहिल्या धड्यात ही विशेषणं येतील तेव्हा तू एसटीच्या पाट्या आठवून हसशील. हज़ार, ज़मीन, शहर, बाज़ार, काग़ज़ हे तर नुसते उजळणीचे शब्द. अब्रू घे. आब म्हणजे पाणी आणि तेजही. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी ते आब-ए-रू. मोत्याचं पाणी, पाणीदार डोळे असं म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी तो शब्द किती सहज आपलासा केला बघ. आणि या दोन शब्दांना जोडणारा मधला 'ए' म्हणजे इज़ाफ़त. लिहिताना तो बहुतेक वेळा दिसत नाही, वाचताना आपण घालायचा असतो. फारसी वाचता येते की नाही याची पहिली परीक्षा तिथेच होते.

खरी मजा क्रियापदांत आहे, आणि खरे कष्टही. फारसी क्रियापदाला दोन धातू असतात, एक भूतकाळाचा आणि एक वर्तमानाचा. भूतकाळाचा धातू मूळ रूपावरून लगेच कळतो. वर्तमानाचा पुष्कळदा कळत नाही, पाठच करावा लागतो. मुलं इथेच वर्ग सोडतात. तू सोडू नकोस, कारण हे धातू मराठीने आपल्या घरात जपून ठेवले आहेत. दीदन म्हणजे पाहणं, भूतकाळी दीद, पण वर्तमानाचा धातू बीन. मी पाहतो, मी-बीनम. कुठून आला हा बीन? दूरचं पाहणारी ती दुर्बीण. नविश्तन म्हणजे लिहिणं, वर्तमानाचा धातू नवीस. फर्द लिहिणारा तो फर्दनवीस, म्हणजे आपला फडणीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. आणि फारसी लिहिणारा फारसीनवीस, तो पारसनीस. तुझ्या वर्गात कुणी पारसनीस असेल तर त्याच्या घराण्यात हा अभ्यासक्रम कधीच होऊन गेला आहे! दाश्तन म्हणजे जवळ असणं, धातू दार: किल्लेदार, जमीनदार, आणि मग टोकदार, रुबाबदार. ख़ुर्दन म्हणजे खाणं, धातू ख़ुर: लाचखोर. पूशीदन म्हणजे घालणं, पांघरणं, धातू पोश: पलंगपोस. वहीचं एक पान याच यादीसाठी ठेव आणि स्वतः शोधून भर. मी सांगितलेले पाच पुढच्या महिन्यात विसरशील, तू शोधलेला एक जन्मभर राहील.

(ख़ुर्द म्हणजे लहान आणि ख़ुर्द म्हणजे 'खाल्लं', कानाला दोन्ही एकच. लिहिताना दुसऱ्यात वाव हे एक अक्षर असतं, जे उच्चारत नाहीत. पहिल्या श्रुतलेखनात बहुतेक सगळे तिथे चुकतात.)

आता धोक्याकडे येतो. ओळखीचा शब्द दिसला की आपण पुढचं वाक्य वाचत नाही, समजल्यासारखं करतो. पहिल्या सत्राच्या परीक्षेत मला स्वतःच्या अभ्यासाबद्दल दहा ओळी लिहायच्या होत्या. मी खूप मेहनत घेतली हे सांगायला मी शिकस्त हा शब्द वापरला, प्रयत्नांची शिकस्त करतो तशी. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, पराभव. मी हरलो, असं मी लिहून आलो होतो. सरांनी शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात मूळ क्रियापद लिहिलं: शिकस्तन. त्या रेघेनं मला जे शिकवलं ते संपूर्ण सत्रानं शिकवलं नव्हतं. हफ़्ता तिकडे फक्त आठवडा, आपल्याकडे तो कर्जाचाही होतो. गुलाब तिकडे गुलाबपाणी. फूल म्हणजे नुसतं गुल. दर हा शब्द तिकडे 'मध्ये' या अर्थी येतो आणि दार या अर्थीही, आपण दरवर्षी, दररोज म्हणतो तो अर्थ डोक्यातून काढून ठेव. मराठी शब्द आणि फारसी शब्द हे एका गावातून निघून वेगवेगळ्या घरी नांदलेल्या बहिणींसारखे आहेत. चेहरामोहरा एक, संसार वेगळे.

दुसरा धोका देवनागरीचा. हा मी सगळ्यांत गंभीर मानतो. आपली लिपी इतकी समर्थ आहे की फारसीचा जवळजवळ प्रत्येक उच्चार तिच्यात उतरतो, म्हणून हात आपोआप शब्दाच्या डोक्यावर देवनागरी लिहितो. मी अख्खं पहिलं सत्र तसं केलं. मला पाठ सगळं होतं, वाचता काहीच येत नव्हतं. डोळे वरच्या ओळीवरच फिरत. दुसऱ्या सत्रात वरची ओळ बंद केली आणि मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात केली, चार महिने फुकट गेले. तू तिसऱ्या आठवड्यापासून वहीत देवनागरी बंद कर. अक्षरं बत्तीसच आहेत. त्यांतली सात पुढच्या अक्षराला जुळत नाहीत, ती आधी पक्की कर, म्हणजे शब्द कुठे तुटला आणि कुठे संपला हे कळू लागेल. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत याला घाबरू नकोस. काफ, रे, मीम या तीन अक्षरांत करम म्हणजे औदार्यही बसतं आणि किर्म म्हणजे किडाही. वाक्य सांगतं कोणता. 'ज़'साठी चार अक्षरं आहेत, 'स'साठी तीन. आवाज एकच, पण शब्दागणिक अक्षर ठरलेलं. त्याला हातानं लिहिण्यावाचून उपाय नाही. रोज अर्धा तास, बोरूसारख्या तिरक्या टोकाच्या पेनानं, मोठ्या अक्षरात.

'ज़' वरून आठवलं. मराठी माणूस बाजार म्हणताना जीभ दातांमागे टेकवतो, जग, जावई म्हणतो तशी. फारसीचा ज़ जीभ न टेकवता नुसत्या वाऱ्यानं होतो. ही सवय पहिल्या महिन्यात मोडली तर मोडते.

आमच्या वसतिगृहात काबूलहून आलेला एक मुलगा होता. संध्याकाळी मेसमध्ये तो दुधाचा पेला उचलून म्हणायचा, शीर. मग दोन्ही हातांचे पंजे करून म्हणायचा, शेर. मला दोन्ही म्हणायला लावायचा. आमचं पुस्तक तेहरानच्या उच्चाराचं, त्यात दूधही शीर आणि सिंहही शीर. पुस्तक बरोबर होतं आणि तोही. काबूलनं आणि हिंदुस्थानानं जुना ए जपला, तेहराननं सोडला. आपण करारनामा म्हणतो, तेहरानमध्ये नामाचं नामे होतं. तेव्हा वर्गात जो उच्चार शिकवतील तो शीक, पण दुसरा ऐकलास तर चूक म्हणू नकोस. आणि बोलतानाची फारसी लिहिण्यातल्या फारसीपेक्षा फार वेगळी आहे हेही आधीच माहीत असू दे. मी जातो हे पुस्तकात मी-रवम, तेहरानच्या रस्त्यावर मीरम. नान चा होतो नून.

तो मुलगा ग्रंथालयातल्या शिपायाजवळून जाताना दर वेळी म्हणायचा, मांदा नबाशी. थकू नकोस. इराणी लोक हेच ख़स्ते नबाशीद असं म्हणतात, काम करणाऱ्या कुणालाही. कुणी काही हातात दिलं की म्हणायचं, तुमचा हात न दुखो. ही वाक्यं परीक्षेत येत नाहीत, पण भाषा यांनी आत येते. तुझ्या विद्यापीठात अफगाण, इराणी मुलं असतील. त्यांच्याशी शब्द मोजून का होईना, बोल. शुमा (तुम्ही) आणि तू यांचा फरक तुला शिकवावा लागणार नाही. 'सर आले' म्हणणाऱ्याला आदरार्थी अनेकवचन कळतंच.

आता तुझ्या कागदांबद्दल. एका सत्रात फर्मान वाचता येईल अशी आशा धरू नकोस. फर्मानांची, अखबारांची (म्हणजे दरबारी बातमीपत्रांची) घाईची लिपी शिकस्ता, म्हणजे मोडलेली. तेच क्रियापद, बघ. तिला वेगळी वर्षं द्यावी लागतात. सत्राअखेर तुला छापील सोपं गद्य कोश घेऊन वाचता येईल, तेवढं पुष्कळ आहे. पण एक गोष्ट त्याआधीच होईल. शिवकालीन मराठी पत्रं तू वाचतेस. सुरुवातीच्या 'अज रख्तखाने' यातला अज म्हणजे फारसी अज़, 'कडून'. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच येतो. पुढे 'बिदानद' दिसतं. दानिस्तन म्हणजे जाणणं, धातू दान, बि-दानद म्हणजे 'जाणावे'. आणि शेवटी 'मोर्तब सुद'. शुदन म्हणजे होणं, शुद म्हणजे झालं. मुरत्तब शुद, म्हणजे सिद्ध झालं. आपला शिक्कामोर्तब तिथून आला. इतकी वर्षं हे शब्द तुझ्या डोळ्यांखालून नुसत्या नक्षीसारखे गेले असतील. शुदन शिकलीस त्या रात्री एखादं पत्र काढून शेवटची ओळ वाच आणि मला कळव.

कोश म्हणशील तर स्टाइनगासचा १८९२ चा फारसी-इंग्रजी कोश जुन्या ग्रंथांना उत्तम, आजच्या वर्तमानपत्राला नाही. मराठीत माधव ज्यूलियनांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा आहे. कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, ते फारसीचे प्राध्यापकही होते. माझ्याकडे त्याची प्रत आहे. अर्ज भरलास की रविवारी ये आणि घेऊन जा. सुरुवातीची काही पानं सुटी झाली आहेत, दोऱ्यानं बांधून ठेवली आहेत. उघडताना आधी गाठ सोड.

तुझा,
सर