एकाच वॉर्डातल्या मनपा शाळांची यूडायसवरून तुलना: आधी इमारत मोजा, मग शाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉर्डातल्या मनपा शाळांची यूडायस प्लसवरची (शाळांनी दरवर्षी फॉर्म भरून दिलेल्या माहितीचा केंद्राचा साठा) माहिती उतरवली, एका शिक्षकामागे किती मुले आणि एका खोलीमागे किती मुले यावर क्रम लावला, तर ज्या शाळांतून पालक मुलांना काढून घेतात नेमक्या त्याच वर आल्या. आकडे खोटे की पालक चुकतायत, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही नाही. हा पेच माझ्या चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून लांबलचक लिहितोय. शाळा कशी शोधायची, अहवाल कसा उतरवायचा हे तुम्हाला येतेच, ते सोडतो. मी शिक्षण खात्यातला नाही. पुढचे सगळे महाराष्ट्रातल्या महापालिकांपुरते आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांना जसेच्या तसे लावू नका.

सगळ्यात महाग पडणारा घोळ हा: यूडायसमध्ये एक ओळ म्हणजे एक कोड, एक इमारत नव्हे. शहरात एकाच इमारतीत सकाळी मराठी मुलांची, मराठी मुलींची आणि दुपारी उर्दू किंवा हिंदी माध्यमाची शाळा भरते. प्रत्येकीचा अकरा अंकी कोड वेगळा, मुख्याध्यापक वेगळा, फॉर्म वेगळा. खोल्या, स्वच्छतागृहे, मैदान मात्र तेच, आणि प्रत्येक मुख्याध्यापक ते सगळे आपल्या फॉर्मात भरतो. त्यात त्याचे चुकत नाही, त्याच्या पाळीत ते त्याला वापरायला मिळतेच.

उदाहरणापुरते आकडे घ्या. इमारतीत १२ खोल्या. सकाळी मुलांची शाळा १८०, मुलींची १६०, दुपारी उर्दू ३९०. तिन्ही फॉर्मांत १२ खोल्या. तक्ता सांगतो: खोलीमागे १५, १३ आणि ३२. म्हणजे उर्दू शाळा दुपटीहून जास्त कोंदलेली. प्रत्यक्षात सकाळी त्याच १२ खोल्यांत ३४० मुले बसतात, म्हणजे खोलीमागे २८. दुपारी ३२. फरक आहे, पण किरकोळ. शिवाय वॉर्डाची बेरीज केलीत तर १२ खोल्यांच्या ३६ होतात. स्वच्छतागृहांचे, नळांचे, संगणकांचे हेच. पाळीत एकट्या भरणाऱ्या शाळेला शिक्षा आणि जागा वाटून घेणाऱ्यांना बक्षीस, असा तो क्रम लागतो. उलटेही होते: काही ठिकाणी खोल्या आपापसात वाटून लिहितात, दोन कोड असतील तर प्रत्येकावर सहा. मग सकाळ-दुपार आलटून पालटून भरणारी शाळा उगाच दाटीची दिसते. एकाच वॉर्डात दोन्ही पद्धती सापडतात, म्हणून सरसकट दोनाने भागून चालत नाही.

म्हणून तक्त्यात कोडाच्या आधी दोन रकाने घाला: इमारत आणि पाळी. भागाकार इमारत-पाळीच्या पातळीवर करा. एकाच इमारतीतले कोड ओळखायला अक्षांश-रेखांश, पिनकोड, पत्ता आणि खोल्यांचा तोच आकडा हे चारही एकत्र पाहा. नुसत्या अक्षांश-रेखांशावर विसंबू नका. मोबाइलवरून घेतलेल्या नोंदी पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे असतात आणि काही तर थेट कार्यालयाच्या गच्चीवर पडतात. शाळा पाळीत भरते का, असा प्रश्न फॉर्मात आहे, पण उत्तर ‘हो’ असले तरी दुसऱ्या पाळीत कोण हे त्यातून कळत नाही.

आता राग काढतो, थोडे सहन करा. कोणते कोड कोणत्या इमारतीत, ही एका पानाची यादी. ती मागितल्यावर एका कार्यालयाने आधी ‘दुसऱ्या विभागाकडे विचारा’, मग ‘अशी माहिती संकलित ठेवली जात नाही’, आणि शेवटी शाळांच्या नावांची पीडीएफ दिली, तीही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. नक्कल करून चिकटवली की ‘विद्यानिकेतन’च्या जागी चिन्हांची खिचडी. त्या इमारतींची दुरुस्ती, रंगकाम, पाण्याच्या टाक्यांची सफाई हीच महापालिका करते, म्हणजे यादी कुठेतरी असणारच. म्हणून शिक्षण विभागाऐवजी शाळा-इमारतींची देखभाल करणाऱ्या विभागाकडे जा.

माहिती अधिकारात मागणार असाल तर: अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा, हा महाराष्ट्राच्या नियमांतला भाग आहे आणि त्यावरून अर्ज परत येतात. शुल्क १० रुपये. ‘का’, ‘कशासाठी’ विचारू नका, दस्तऐवज मागा: ‘मनपा मालकीच्या शालेय इमारतींची यादी, प्रत्येकीत भरणाऱ्या शाळांचे यूडायस कोड, पाळी, वापरातील वर्गखोल्या’. कलम ७(९) चा हवाला देऊन माहिती एक्सेलमध्ये मागा. चुकीच्या विभागाकडे अर्ज गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनीच पाच दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून निकाली काढता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

तोवर एक आडवाट: मतदान केंद्रांची यादी. बहुतेक मनपा शाळांत केंद्रे असतात आणि यादीत इमारतीचे नाव, मजला, खोली क्रमांक दिलेले असतात. एकाच पत्त्यावर शाळा क्र. अमुक मुलांची आणि शाळा क्र. तमुक मुलींची दिसल्या की जोडी सापडली. अपुरी आहे, पण फुकट आहे.

आता तुमच्या क्रमात वर आलेल्या पहिल्या पाच शाळा. इथे इमारतीखेरीज दुसरे कारण आहे, आणि ते कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. म्हणजे पट ओसरत २२ वर आलेल्या शाळेत दोन शिक्षक असले की प्रमाण होते ११, आणि ती यादीत पहिली. तिथे दोन शिक्षक पाच इयत्ता जोडवर्ग करून शिकवतात. पालकांना ते दिसते, तुमच्या रकान्याला दिसत नाही. शिक्षकामागे मुले हा रकाना ठेवाच, पण शेजारी ‘शिक्षक भागिले चालू इयत्ता’ असा एक घाला. तो एकच्या खाली गेला की प्रमाण कितीही देखणे असले तरी हुरळून जाऊ नका.

शिक्षकांचा आकडा म्हणजे कागदावरची माणसे. कोणी कार्यालयात कामगिरीवर, कोणी मतदार यादीच्या कामावर. संच मान्यतेतली (पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्याची सरकारी प्रक्रिया) मंजूर पदे, यूडायसमधली कार्यरत पदे आणि वर्गात उभी असलेली माणसे हे तीन वेगळे आकडे आहेत. तिसरा फक्त शाळेत जाऊन कळतो. हे शिक्षकांवर टीका म्हणून लिहीत नाही, त्यांना विचारून कोणी ती कामे देत नाही.

पटाबद्दल दोन गोष्टी. संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, त्यामुळे तो आकडा फुगवण्याचा मोह जुना आहे. ऑक्टोबर २०११ ची राज्यव्यापी पटपडताळणी त्यातूनच झाली. दुसरे, २०२२-२३ पासून यूडायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली, त्याआधी शाळा एकूण आकडा भरत असे. त्यामुळे २०२१-२२ आणि २०२२-२३ मधली घट ‘मुले गळाली’ म्हणून दाखवू नका, मोजण्याची पद्धतच बदलली आहे. दहा वर्षांची रेघ काढायचीच असेल तर तिथे तोडा.

गळतीच्या रकान्याला तर मी हातच लावत नाही, निदान चौथी-पाचवीच्या सांध्यावर. यूडायस पाचवीवर एक गट संपवते आणि सहावी ते आठवी हा पुढचा गट धरते. आपल्याकडे कितीतरी शाळा अजून चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत आहेत. चौथीनंतर सगळा वर्ग शेजारच्या शाळेत गेला की या शाळेची पाचवी शून्य. त्यातून नव्या शाळेने मुलाची नोंद आपल्याकडे ओढून घेतली नाही तर तो ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या पण दुसरीकडे न नोंदलेल्या मुलांच्या यादीत, लटकतो, आणि बांधकामावरच्या कुटुंबांच्या मुलांचे हे फार होते. त्याऐवजी एकाच शाळेत यंदाची दुसरी आणि गेल्या वर्षीची पहिली, यंदाची तिसरी आणि गेल्या वर्षीची दुसरी, असे तिरके वाचा. पूर्वप्राथमिकचा पट आधी बाजूला काढा, काही तक्त्यांत तो एकूणमध्ये मिसळलेला असतो.

गुणवत्तेचा आकडा कुठून आणायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सरळ उत्तर: शाळानिहाय विश्वासार्ह आकडा जवळपास नाही. ‘असर’ हा ‘प्रथम’ संस्थेचा मुलांच्या वाचन-गणिताचा अहवाल ग्रामीण भागापुरता आहे, शहराला लावू नका. १२ नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि ४ डिसेंबर २०२४ चे ‘परख’ हे नमुना सर्वेक्षण आहे. निष्कर्ष जिल्ह्याचे, शाळेचे नाहीत. संकलित मूल्यमापनाचे गुण शाळा स्वतःच तपासते. शिष्यवृत्तीत किती बसवले ते न पाहता किती लागले एवढेच सांगतात. दहावीचा टक्का परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, नववीच्या पटावर नाही; कच्च्या मुलांना १७ नंबरचा (शाळेबाहेरून खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरायला लावले की निकाल आपोआप सुधारतो. म्हणून नियमित उत्तीर्ण मुलांना दोन वर्षांपूर्वीच्या आठवीच्या पटाने भागून पाहा. बाहेरून आलेली मुले यात गोंधळ करतात हे मान्य, पण शंभर टक्के निकालाच्या फलकापेक्षा हा आकडा बरा. दहावीच्या परीक्षा मंडळाने शाळेला दिलेला इंडेक्स क्रमांक आणि यूडायस कोड वेगळे असतात, जोडणी हातानेच करावी लागते.

लहान वर्गांचे टक्के वाचताना हात आखडता घ्या. २५ मुलांत ८० टक्के पास म्हणजे योगायोगानेच १६ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. तीन वर्षे एकत्र करून ७५ मुले घेतलीत तरी नऊ टक्क्यांची ढिलाई राहते. त्यामुळे ८४ ची शाळा ७९ पेक्षा ‘चांगली’ असे लिहू नका. वर, मधे, खाली असे तीन गट पुरेत.

बारीकसारीक: कोडाचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर एक्सेल त्याला संख्या समजून स्वतःच्या पद्धतीने दाखवतो. नावावरून जोडणी करू नका, ‘म.न.पा.’, ‘मनपा’, ‘महानगरपालिका’ असे सगळे प्रकार भेटतील. स्वच्छतागृहांत ‘एकूण’ आणि ‘वापरण्याजोगी’ असे वेगळे आकडे असतात, दुसराच घ्या. हजेरीचा अंदाज हवा तर पोषण आहाराच्या रोजच्या लाभार्थी संख्येला पटाने भागा. तोही शाळेनेच भरलेला आकडा आहे, पण रोजचा असल्याने सगळे दिवस तंतोतंत सारखे दिसले की संशय घ्यायला जागा मिळते.

आणि शाळा पाहायला जाल तेव्हा पाळी बदलायच्या आधी अर्धा तास जा. सकाळची मुले अजून वर्गात असतात, दुपारची फाटकाशी जमू लागतात, आणि कोणत्या खोल्या कुलूपबंद आहेत तेही दिसते. त्या खोल्या मोजून ‘वापरातील खोल्या’ या रकान्यात तारखेसह लिहा.