अमेरिकन रॉक गायक लू रीडचा 'बर्लिन' हा कॉन्सर्टपट पाहण्याआधी मूळ अल्बम ऐकायलाच हवा का?

ऐकलात तर बरं. माझं मात्र उलटसुलट झालं, म्हणून लिहायला बसलो.

१९९६ साली पुण्याच्या हॉस्टेलवर एका सीनियरकडून हा अल्बम नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूवर भरून घेतला. बाजू ४५ मिनिटांची, अल्बम ४९ मिनिटांचा. त्यामुळे शेवटचं 'सॅड साँग' ऐन मध्यावर आलं की खट्ट! बटण वर.

माझा रूममेट इचलकरंजीचा. त्याच्या मते अख्ख्या अल्बममध्ये चांगलं काय, तर ते खट्ट. 'द किड्स' या गाण्यात अल्बमची नायिका कॅरोलाइन हिची मुलं तिच्यापासून काढून नेतात आणि शेवटी पोरं आईच्या नावाने हंबरडा फोडतात. एकदा रात्री साडेअकराला हे चालू असताना वॉचमनकाका जिना चढून आले. "पोर कुणाचं आणलंय रे?" पलंगाखाली बॅटरी मारून बघितलं त्यांनी. रूममेटने गुपचूप माझ्याकडे बोट दाखवलं. पुढची दोन वर्षं सगळं हॉस्टेल मला 'आई' म्हणायचं.

तर सिनेमा. डिसेंबर २००६ मध्ये ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स वेअरहाऊसमध्ये रीडने 'बर्लिन' पहिल्यांदा पूर्ण सादर केला, ते दिग्दर्शक ज्युलियन श्नाबेलने टिपलं. मुलाखती नाहीत, इतिहास नाही, नुसतं गाणं. रूममेटची फोनवर प्रतिक्रिया : "म्हातारपणी जुना माल खपवतोय." अरे, पण खपला कधी होता? १९७३ला अमेरिकेत कसाबसा ९८व्या क्रमांकापर्यंत गेला, समीक्षकांनी झोडपला, आणि रीडने ३३ वर्षं तो सलग वाजवला नाही. जुनी हिट गाणी पुन्हा म्हणणं वेगळं, हे वेगळं. (इंग्लंडात तो सातव्या क्रमांकावर गेला होता, हे मी त्याला सांगत नाही.) आणि बोलतोय कोण? दर दिवाळीत जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राची पहिल्या रांगेतली तिकिटं काढणारा माणूस!

डीव्हीडी मला मिळाली २००९ला. मूळ रेकॉर्डवरचाच स्टीव्ह हंटर इथेही गिटारवर आहे, त्याचे हात बघा. मागच्या पडद्यावर अभिनेत्री एमान्युएल सेन्ये कॅरोलाइन होऊन फिरते, ते मला अनावश्यक वाटलं. गाण्यात बाई पुरेशी दिसते. पण 'सॅड साँग' आलं आणि मी आपला त्या खट्टची वाट बघत बसलो. ते आलंच नाही. मुलांचा कोरस चढत गेला, चढतच गेला. तेरा वर्षं मी अर्धंच गाणं ऐकत होतो.

त्यानंतर लगेच बंद करू नका. पुढे गायिका अनोनी (तेव्हाचं नाव अँटनी) 'कँडी सेज' गाते. रीड बाजूला उभा राहून तिच्याकडे बघतो. ६४ वर्षांचा खडूस माणूस, आणि तो चेहरा! सिनेमा त्या चेहऱ्यासाठी बघा.

हो, एक राहिलंच. यात मारहाण, नशा, आत्महत्या सगळं आहे. मन ठिकाणावर नसेल तर एकट्याने बघू नका. आणि रीड मुळीच ऐकला नसेल तर त्याच्या 'ट्रान्सफॉर्मर' या अल्बमपासून सुरुवात करा.

गेल्या वर्षी रूममेट भेटला तेव्हा डीव्हीडी दिली त्याला. प्लेअर नाही म्हणे घरात.