फी माफ आहे, पण पैसे उशिरा येतात

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातला. दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, जोडीला रिक्षा चालवतो. वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आतच. आम्ही ओबीसी. मुलीला सीईटीच्या मार्कांवर कॅप राऊंडमधून छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट लागली आहे. फी १ लाख १० हजार सांगतात. मेव्हणे म्हणतात, पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात घाला, तिथे २५ टक्के स्कॉलरशिप देतायत, फक्त २५ हजार भरून सीट बुक करा. मला तर दोन्ही झेपणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घालू का?

उत्तर : आधी एक करा. ते २५ हजार भरू नका.

मेव्हण्यांचा हेतू वाईट नसेल, पण हिशेब चुकतोय. तुमच्या मुलीला मिळू शकणारी सर्वांत मोठी मदत तिच्या सीटला बांधलेली आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी ते निम्मं होतं. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला ही माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर योजनेतून वगळलेलीच आहेत. तिथले २५ टक्के सुटले तरी उरलेले ७५ टक्के तुमच्याच खिशातून जाणार, आणि ती सवलत चारही वर्षं टिकेल का, किती ग्रेडची अट आहे, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सहसा नसतं.

आता संभाजीनगरचं बघू. १ लाख १० हजारांत सगळंच माफ होत नाही. कॉलेजच्या फीचे दोन मुख्य भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. विकास शुल्क माफ नाही. समजा शिक्षण शुल्क ९६ हजार आणि विकास शुल्क १४ हजार असेल, तर तुमच्यावर १४ हजार पडतात, वर किरकोळ. नेमका आकडा कॉलेजात तोंडी विचारू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी दिलेली असते, त्याची प्रिंट काढून सोबत न्या. काउंटरवर बोलणं एकदम सोपं होतं.

मात्र खरी अडचण फी नाही, वेळ आहे. ॲडमिशन आत्ता घ्यायची असते, महाडीबीटीचे, म्हणजे फीमाफीचा अर्ज जिथे भरायचा त्या सरकारी पोर्टलचे, पैसे सरकारकडून पुष्कळ उशिरा सुटतात. मग काही कॉलेजं म्हणतात, “आत्ता पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ.” पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आधी घेऊ नये, असं शासनाने कॉलेजांना बजावलेलं आहे. तेव्हा शासन निर्णयाची प्रत दाखवून नम्रपणे पण ठामपणे सांगा, आणि पैसे मागत असतील तर ते लेखी मागा. लेखी म्हटलं की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. गरज पडली तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात तक्रार करता येते. सावकाराकडे जाण्याची ही वेळ नव्हे.

कागदांत माझ्या अनुभवाने सर्वांत जास्त अर्ज अडतात ते बँक खात्यापायी. शाळेत असताना काढलेलं मुलीचं खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं आणि आधार मात्र त्यालाच जोडलेलं असतं. डीबीटीचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच येतो, फॉर्मवर तुम्ही कोणताही नंबर लिहा. बँकेत जाऊन आधी हे तपासा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता आणि अधिवास हे हाताशी ठेवा. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराअक्षराने जुळतं का तेही पाहा. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहू शकतो. मुलीला सांगा, स्टेटस अधूनमधून बघायचं आणि परत पाठवला असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करायचा. आणि हे दरवर्षी करावं लागतं.

राहण्याजेवण्याचा खर्च मात्र फीपेक्षा जास्त छळतो, आणि त्याचा विचार कुणी आधी करत नाही. इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं मुलींचं वसतिगृह मिळतं का ते पहिल्यांदा बघा. नाही मिळालं तर ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, घरापासून दूर शिकणाऱ्या ओबीसी विद्यार्थ्यांना त्यातून जेवण, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम मिळते. संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात ती वर्षाला ५१ हजार आहे. जागा प्रत्येक जिल्ह्याला ठरलेल्या, निवड गुणांवर, त्यामुळे मिळेलच असं धरून चालू नका. हाही पैसा उशिराच येतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या मेसचे आणि खोलीचे पैसे कुठून येणार, हे आज कागदावर मांडा. तेवढाच तुमचा खरा भार आहे.

तो भागलाच नाही तर राष्ट्रीयीकृत बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. घ्यायचं तर राहण्याजेवण्याच्या खर्चापुरतंच घ्या, फीसाठी नको.

बी.एस्सी. वाईट नाही. मुलीला ती आवडत असेल तर जरूर करू द्या. पण ‘झेपणार नाही’ म्हणून, आणि तेही माफ होणाऱ्या फीच्या भीतीने, मिळालेली सीट सोडायला लावू नका. कॅपमधली सीट निश्चित करण्याची शेवटची तारीख चुकली तर ती पुढच्याला जाते, म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर मेव्हण्यांना नंतर फोन करा, आधी वेळापत्रक बघा.

घरात धाकटा मुलगाही शिकत असेल, तर त्याच्यासाठी टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) हे नाव लिहून ठेवा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुठल्याही प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी या जादा जागा असतात, त्यात शिक्षण शुल्क माफ होतं. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ अक्षर. कटऑफ बहुधा साध्या सीटपेक्षा वर जातो, पण मुलं हा कोड भरायलाच विसरतात.