मुंबई-दुबई : जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार?

प्रश्न : आई पहिल्यांदाच विमानात बसणारे, ते पण एकटी, दुबईला भावाकडे. तिकिटावर मुंबईहून पहाटे ४:३० ला निघून दुबईत ६:१५, म्हणजे पावणेदोन तास. पण परतीचं रात्री १० ला निघून मुंबईत २:३०, म्हणजे साडेचार. अंतर तर तेच ना? तिकिटात काही चुकलंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तिकीट बरोबर आहे. तिकिटावर प्रत्येक टाइम त्या त्या गावाच्या घड्याळाचा असतो आणि दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. म्हणजे आई दुबईत ६:१५ ला उतरेल तेव्हा साताऱ्यात पावणेआठ झालेले असतील, जाताना खरे सव्वातीन तास, आणि येताना साडेचारातून दीड वजा केला की तीन.

हा दीड तास कसा, तर दर १५ रेखांशाला एक तास. आपली वेळ ८२.५ रेखांशाची, तीच अख्ख्या देशाला, दुबईची ६० ची. फरक साडेबावीस, म्हणजे दीड तास.

अंतर हवेतून सरळ मोजलं तर साधारण १९३० किलोमीटर, बहुतेक सगळं अरबी समुद्रावरून. ताशी ८५० च्या स्पीडने सव्वादोन तासच व्हायला हवेत, पण विमान काय गेटवरून उडत नाही, आधी रनवेपर्यंत हळूहळू जातं, तिथे लाइन असते (मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एकदम वापरता येत नाहीत), मग वर चढताना आणि खाली उतरताना स्पीड कमीच, हे सगळं तिकिटातल्या वेळेत धरलेलं असतं. येताना थोडं लवकर, कारण वरचा वारा, खास करून थंडीत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि विमानाला मागून ढकलतो.

माझी आत्या पहिल्यांदा गेली तेव्हा आम्ही तिला सांगितलं होतं, हातातलं घड्याळ अजिबात फिरवू नको, इंडियाचंच राहू दे. पोचेपर्यंत तिचा चहा, गोळी सगळं त्या घड्याळावर चाललं आणि ती अगदी निवांत होती. तुमच्या आईलाही तसंच सांगा, म्हणजे ६:१५ ऐकून गोंधळ नको.

मला खरी काळजी तारखेची वाटते. पहाटे ४:३० चं विमान म्हणजे तीन तास आधी, रात्री दीडला, एअरपोर्टवर. साताऱ्याहून पाच-सहा तास धरा, वाटेत घाट आहे, ट्रॅफिक आहे. तिकिटावर १२ तारीख असेल तर घरातून ११ ला संध्याकाळी सहा-सातलाच निघायचं. १२ ला संध्याकाळी निघालात तर विमान कधीच गेलेलं असेल! परतीला उलटं, शनिवारी रात्री १० ला बसली तर उतरणार रविवारी पहाटे, तिकिटावर बारीक अक्षरात +१ असेल बघा. सामान घेऊन बाहेर यायला तास-दीड तास धरा आणि गाडीवाल्याला सांगताना 'शनिवारी रात्री' म्हणू नका, 'रविवारी पहाटे चारला' असं तारखेसकट सांगा.