जुनी कार घेण्यापूर्वी तिच्यावर कंपनीचा ‘रिकॉल’ (सदोष गाडी दुरुस्तीसाठी परत मागवणे) बाकी आहे का, हे कसे तपासावे?

गाडीच्या आरसीवर छापलेला 17 अक्षरांकांचा चेसिस क्रमांक, म्हणजेच व्हीआयएन, उत्पादक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील रिकॉल विभागात टाकून, किंवा अधिकृत सेवा केंद्रात दाखवून, हे तपासता येते. नोंदणी क्रमांकापेक्षा हाच क्रमांक विश्वासार्ह ठरतो, कारण गाडीचा नोंदणी क्रमांक बदलू शकतो, पण कारखान्यात कोरलेला चेसिस क्रमांक तोच राहतो आणि कंपन्या सदोष गाड्यांची यादी त्यावरूनच ठरवतात. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. तेव्हा तशी दिसणारी खूण एक किंवा शून्य समजून भरावी. आरसीवरील क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, आणि त्यात एका अक्षराचाही फरक आढळला तर व्यवहार तिथेच थांबवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 110अ नुसार केंद्र सरकारही सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. मात्र ‘रिकॉल नाही’ एवढ्या उत्तराने गाडी निर्दोष ठरत नाही. अपघात किंवा झीज यांतून आलेले दोष या तपासणीत दिसत नाहीत, त्यासाठी जाणकार मेकॅनिककडून वेगळी पाहणी करून घ्यावी.