खलबत, खलबत्ता आणि निक्सनसाहेब

प्रश्न असा आलाय की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन हे दोघं 1972 च्या निवडणुकीत परत निवडून यायचं कसं यावर खोलीत बसून बोलायचे, त्याला मराठीत खलबत म्हणायचं की मसलत, आणि खलबत म्हटलं की त्यात काहीतरी काळंबेरं असतंच का.

आधी एक सांगतो, 'बंद दाराआड खलबतं' हे लिहिणं थांबवा. रोज कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर पट्टी फिरत असते. अहो खलबत बंद दाराआडच होतं, हा पिवळा पीतांबर झाला! आणि त्याच्याही वरताण म्हणजे चाळीस कॅमेऱ्यांसमोर पुष्पगुच्छ घेऊन आत गेले की ती म्हणे खलबतं. ती भेट झाली, बैठक झाली, काय वाट्टेल ते म्हणा.

दुसरं, रविवारच्या पुरवण्यांमधले काही शब्दपंडित खलबत हे खलबत्त्यावरून आलं असं ठोकून देतात, म्हणजे विषय कुटून कुटून बारीक करायचा म्हणून. ऐकायला गोड आहे, पण साफ चूक. आणि 'खल' म्हणजे दुष्ट, म्हणून दुष्टांची बैठक, हे तर त्याहून चूक. शब्द अरबी आहे, खलवत. म्हणजे एकांत. 'व'चा 'ब' आपण नेहमीच करतो, जवाबचा जबाब केला, नवाबचा नबाब केला, तसंच हे. रायगडावर राजवाड्याजवळ तळघर दाखवतात तो खलबतखाना, तिथे कोणी मसाला कुटत नव्हतं. मलेशियात तर खलवत हा शरियतखाली गुन्हा आहे, एकमेकांशी लग्न न झालेले मुस्लिम बाई आणि पुरुष एकांतात सापडले तर. म्हणजे मूळ शब्दात बोलणंसुद्धा नाही, फक्त आजूबाजूला कोणी नाही एवढंच.

आणि आता खरी गंमत. या खलवतचं मूळ म्हणजे रिकामं असणं, आणि त्याच मुळापासून आलाय आपला 'खाली'. जिन्याच्या खालचा खाली नव्हे, 'महिनाअखेर खोली खाली करा' म्हणतो तो खाली! खोली खाली केली की खलबत. (माझं तर मत आहे की 'या विषयावर बराच खल झाला' यातला खल उखळातूनच आला असला तरी चर्चेच्या अर्थाने तो इतका रुळला तो शेजारी खलबत होतं म्हणूनच. कोशात शोधू नका, हे माझं आहे.)

आता निक्सनकडे या. 1971 च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच ओव्हल ऑफिसात, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात, माइक बसवून घेतले, पाच टेबलात आणि दोन शेकोटीजवळच्या दिव्यांत, आवाज आला की टेप आपोआप सुरू. हाल्डमनला माहीत होतं, एर्लिकमनसारख्या जवळच्या सल्लागाराला पत्ता नव्हता. अशी सगळी मिळून सुमारे 3,700 तासांची टेप जमली. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाकडून मस्की समोर उभा राहायला नको, मॅकगव्हर्न आला तर बरा, असली सगळी गणितं तिथे चालायची. पण मग व्युत्पत्ती धरून बघा, ज्या खोलीत सात माइक कान देऊन बसलेत ती खोली 'खाली' कुठे? खलबत झालंच नाही! हां, 20 जून 1972 च्या टेपवर त्या दोघांच्या बोलण्यातली साडेअठरा मिनिटं पुसलेली आहेत, तेवढ्यापुरतं खलबत लिहायला माझी हरकत नाही.

मसलत मात्र फिट बसतो. अरबी मसलहत, म्हणजे हिताची गोष्ट. सल्ला त्याच मुळाचा, तहाला म्हणतात तो सुलहपण त्याच मुळाचा, म्हणजे सल्लामसलत ही सख्खी भावंडं. आणि पेशवाईतल्या पत्रांत मसलत म्हणजे नुसतं विचारविनिमय नाही, आखलेली मोहीम, स्वारी. आता कॅम्पेनला मोहीम म्हणतो ना, मग आखणी आणि मोहीम दोन्ही एकाच शब्दात मिळतायत तर 'रणनीतीविषयक चर्चा' असलं लांबण कशाला लावायचं? मला 'ते फारच जुनाट वाटेल' असं ऐकवणारे हेच लोक 'रणनीती' रोज वापरतात, जणू तो शब्द काल कारखान्यातून आलाय.

काळंबेरं असतंच का? नाही, राज्यकारभाराची गुप्त बोलणीसुद्धा खलबतंच. 23 जून 1972 ला हाल्डमनने सुचवलं की वॉटरगेटच्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीच्या, तपासातून एफबीआयने अंग काढावं असं सीआयएकडून सांगवून घेऊ, आणि निक्सन हो म्हणाले. ती टेप 5 ऑगस्ट 1974 ला बाहेर आली आणि 9 तारखेला खुर्ची गेली. त्या बोलण्याला खलबत नको आणि मसलतही नको, सरळ कट लिहा.